उसाची गाडी बांधावर अडली, तर अर्ज कोणत्या कलमाखाली?

माळशिरस-पंढरपूरकडे ऊस तोडायला आला की रस्त्याची भांडणं उकरून निघतात. अर्ज तहसीलदारांकडेच करायचा, पण कलम चुकलं की महिने वाया जातात.

वहिवाटीचा जुना रस्ता कुणी नांगरला, चर खणला किंवा काटेरी फांद्या टाकल्या, तर मामलतदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. इथे मुदत 6 महिन्यांची, अडथळा आल्या दिवसापासून. म्हणून त्याच दिवशी फोटो काढा: चर, जुनी चाकोरी आणि ओळखीची खूण, एखादी विहीर किंवा बाभूळ, एकाच चौकटीत.

रस्ता मुळातच नसेल, तर जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 143. हा रस्ता बांधावरून मिळतो. रानाच्या मधून मागाल तर अडचणीत याल.

सोबत सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा आणि मागितलेला रस्ता लाल शाईने दाखवलेला कच्चा नकाशा जोडा. सगळ्यांत जास्त घोळ होतो तो नावांत. ज्या गटांच्या बांधावरून रस्ता जाणार, त्या प्रत्येक सातबाऱ्यावरचे सगळे सहहिस्सेदार प्रतिवादी करा, पुण्या-मुंबईला राहणारेसुद्धा. एक सुटला तरी तो अपिलात आदेश अडवू शकतो. स्थळपाहणीला स्वतः हजर राहा आणि पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका.