कामावर अपघात झाला? भरपाई बुडवणाऱ्या या चुका टाळा

पॉवर प्रेसखाली बोटं गेली की पहिली धाव दवाखान्याकडे, आणि ती तशीच हवी. पण पुढच्या भरपाईचं बरंचसं त्याच दवाखान्यात, केस पेपरवरच्या एका ओळीत ठरून जातं. सोबत आलेला सुपरवायझर डॉक्टरांना सांगतो, "घरी पाय घसरून पडला." पोलिसांचं लचांड नको म्हणून, किंवा वरून तसा फोन आलेला असतो म्हणून. जखमी माणूस वेदनेने तळमळत असतो, त्याच्या कानावर हे पडतही नाही. वर्षभराने दावा उभा राहतो तेव्हा समोरचा वकील नेमका तोच कागद काढतो.

म्हणून शुद्धीवर असाल तर स्वतः सांगा, नसाल तर घरच्यांनी सांगावं: कुठल्या कंपनीत, कुठल्या मशीनवर, किती वाजता. आधीच चुकीचं लिहिलं गेलं असेल तर दुरुस्तीचा लेखी अर्ज लगेच द्या आणि त्याची पोच घ्या. मालकालाही लेखी कळवा. कारखान्यात सगळ्यांनी पाहिलंय, आता वेगळं काय कळवायचं, असं म्हणून गप्प बसू नका. पाहणाऱ्यांना तिथेच नोकरी करायची असते.

चुकीच्या दारात जाणं

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो का, हे आधी पाहा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार आणि ईएसआयची नोंदणी असेल, तर भरपाई ईएसआय महामंडळ देतं. अशा वेळी मालकाविरुद्ध कर्मचारी भरपाईचा वेगळा दावा चालत नाही. ईएसआयमध्ये तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. कायमच्या अपंगत्वात मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि दरमहा पैसे मिळतात, तेही हयातभर. कामावरच्या इजेसाठी अमुक महिने वर्गणी भरलेली हवी अशी अटही नाही. नोंदणी करायला हवी होती आणि मालकाने केलीच नाही, म्हणून हक्क जात नाही. महामंडळ ते पैसे मालकाकडून वसूल करू शकतं.

ईएसआय नसेल तर १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. त्याआधीच्या अपघातांना जुना कायदा लागतो, त्यामुळे अर्जात अपघाताची तारीख अचूक हवी. ड्रायव्हर-क्लीनरनी आणखी एक ध्यानात ठेवावं: गाडीच्या अपघातात मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा कर्मचारी भरपाई, यातलं एकच निवडता येतं.

टक्के न समजता सही करणं

सगळ्यात जास्त पैसा इथेच बुडतो. जुन्या कायद्यातलं गणित एकदा स्वतः करून पाहा. वय ३०, पगार १८,०००. जानेवारी २०२० पासून हिशेबाला पगार जास्तीत जास्त १५,००० धरला जातो. वयाचा गुणक कायद्याच्या तक्त्यात दिलेला आहे. तिशीला तो २०७.९८. माणूस पूर्ण आणि कायमचा निकामी झाला तर १५,००० चे ६० टक्के, म्हणजे ९,०००, गुणिले २०७.९८: १८,७१,८२० रुपये. मृत्यू झाला तर ६० ऐवजी ५० टक्के, म्हणजे १५,५९,८५०. एका हाताचा अंगठा गेला तर कायद्यातल्या इजांच्या तक्त्यात ३० टक्के नुकसान धरलंय. १८,७१,८२० चे ३० टक्के, ५,६१,५४६. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च याच्या वर, वेगळा.

आता आठवा, अंगठा गेलेल्या पोराला पन्नास हजार देऊन "मिटवून टाकू" म्हणणारे किती असतात.

शिवाय तक्त्यातला टक्का म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. प्रश्न कमाईची ताकद किती गेली हा आहे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एका सुताराचा खटला होता. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याचं नुकसान शंभर टक्के धरलं. तेव्हा डॉक्टरांकडून नुसतं अपंगत्वाचं सर्टिफिकेट घेऊन थांबू नका. तुम्ही नेमकं कुठलं काम करत होता आणि ते आता का जमत नाही, हे त्यांच्याकडून लिहून घ्या.

हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दबातल आहे. मृत्यूच्या प्रकरणात तर मालकाने घरच्यांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही, ती कमिशनरकडे, म्हणजे हे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जमा करावी लागते. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल तेवढी वळती होऊ शकते. महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

रोख पगार घेणाऱ्यांची अडचण वेगळी. हजेरी मालकाच्या वहीत, तुमच्या हातात काहीच नाही. गेटपास, मुकादमाचे मेसेज, फोनपेवर आलेली उचल, सोबतच्यांची साक्ष, जे असेल ते जपून ठेवा.

ऐकून घेऊन गप्प बसणं

"तू ठेकेदाराचा माणूस" हे उत्तर पुरेसं नाही. काम कंपनीच्या धंद्याचाच भाग असेल तर कंपनीवरही दावा करता येतो. ती ठेकेदाराकडून वसूल करेल. "चूक तुझीच होती" हेही तसंच, निष्काळजीपणामुळे हक्क जात नाही. दारू प्यायल्याचा किंवा सेफ्टी गार्ड मुद्दाम काढल्याचा बचाव मालकाला आहे, पण मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं असेल तर तोही टिकत नाही.

"कामावर नव्हता, वाटेत होता" यावर तर आपल्याकडचाच निकाल आहे. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन २००३ मध्ये पहाटे तीनच्या ड्युटीला निघाला आणि रस्त्यातच अपघातात गेला. कमिशनरने भरपाई दिली, उच्च न्यायालयाने काढून घेतली. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली: वेळ, जागा आणि कारण यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर घर ते कामाची जागा हा प्रवासही धरायचा.

आजाराला अपघात न समजणं

दगडखाणीत, क्रशरवर धूळ खाल्लेल्या माणसाला वर्षानुवर्षं टीबीच्या गोळ्या दिल्या जातात. खोकला, वजन उतरणं, एक्स-रेवर डाग, सगळं टीबीसारखंच. दगडाच्या धुळीने फुप्फुसांना होणारा सिलिकोसिस, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस, शिशाची विषबाधा, आवाजाने आलेला बहिरेपणा हे सगळे कायद्याच्या यादीत आहेत. पण डॉक्टरांनी कामाबद्दल विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही, तर निदान त्या बाजूला वळतच नाही. कुठे, किती वर्षं, कसल्या धुळीत काम केलं हे केस पेपरवर यायलाच हवं.

जुन्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षं आहे. उशिराला योग्य कारण असेल तर कमिशनर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबू नये. गावी परतलात म्हणून भिवंडी-चाकणला हेलपाटे घालायची गरज नाही. अपघात झाला तिथे, मालकाचं नोंदणीकृत ऑफिस आहे तिथे, किंवा तुम्ही राहता त्या भागातल्या कमिशनरकडेही अर्ज करता येतो. आणि निकालाविरुद्ध मालकाला अपील करायचं असेल तर आधी पूर्ण रक्कम जमा करून तसा कमिशनरचा दाखला जोडावा लागतो.