डेकेअर ठरवण्याआधी तपासणी अहवाल वाचा
अमेरिकेतील मराठी पालकांनी डेकेअरच्या सजवलेल्या खोल्या पाहून निर्णय घेण्याआधी त्याचे तपासणी अहवाल अवश्य वाचावेत. बालसंगोपन अनुदानाच्या २०१४ च्या संघीय कायद्याने राज्यांना हे अहवाल संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक केले असून, चाइल्डकेअर डॉट गव्ह येथे आपले राज्य निवडल्यास संबंधित दुवे मिळतात. शक्यतो मागील तीन वर्षांच्या नोंदी पाहाव्यात. एखादा कागद अपुरा असणे मला फारसे गंभीर वाटत नाही. मात्र मुलांच्या संख्येच्या मानाने शिक्षिका कमी असणे, किंवा औषधे मुलांच्या हाती लागतील अशी ठेवलेली असणे, ही त्रुटी पुन्हा पुन्हा नोंदलेली दिसली, तर संचालकांना त्याबद्दल थेट विचारावे.