‘जगात पहिला’ म्हणताना या चुका टाळा

आमच्या सोसायटीच्या गणपतीत प्रश्नमंजुषा घ्यायचं काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. एकदा मी विचारलं, “एकदिवसीय क्रिकेटमधलं जगातलं पहिलं द्विशतक कुणाचं?” अर्धा मंडप ओरडला, “सचिन!” मी गुण देऊन मोकळा झालो. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आठवीतली एक मुलगी म्हणाली, “काका, बेलिंडा क्लार्क.” हशा पिकला, त्यात मीही होतो. रात्री घरी जाऊन तपासलं आणि दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर माइकवरून चूक कबूल केली.

१६ डिसेंबर १९९७. महिला विश्वचषक, ऑस्ट्रेलिया विरुद्ध डेन्मार्क. क्लार्क १५५ चेंडूंत नाबाद २२९. ऑस्ट्रेलिया ३ बाद ४१२, डेन्मार्क सगळे मिळून ४९. आणि मैदान कुठलं, तर वांद्रे पूर्वेचं एमआयजी! सचिनचं ग्वाल्हेरचं नाबाद २०० आलं २४ फेब्रुवारी २०१० ला, म्हणजे बारा वर्षांनी. ज्या वांद्र्यात सचिन लहानाचा मोठा झाला, तिथेच हा विक्रम आधी होऊन गेला होता आणि आमच्या मंडपात तो एका पोरीला सोडून कुणाला ठाऊक नव्हता. प्रश्नात ‘पुरुषांच्या’ एवढा एक शब्द घातला असता तर माझी लाज राहिली असती.

पहिली चूक हीच. ‘पहिला’च्या मागचं विशेषण गाळायचं.

व्हिडिओ गेमचं घ्या. ‘जगातला पहिला व्हिडिओ गेम पाँग’ हे वाक्य इतक्या ठिकाणी छापलंय की आता ते खोडायला रबर पुरणार नाही. अटारी या कंपनीचा पाँग १९७२ चा. त्याआधी १९५२ मध्ये केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ए. एस. डग्लस यांनी फुली-गोळा बसवला होता. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने पाहुण्यांची करमणूक व्हावी म्हणून ऑसिलोस्कोपच्या चिमुकल्या गोल पडद्यावर टेनिस आणलं. लोकांनी रांगा लावल्या. १९६२ मध्ये एमआयटीत स्पेसवॉर, १९७१ मध्ये नाणं टाकून खेळायचा कॉम्प्युटर स्पेस. घरच्या टीव्हीला जोडायचं पहिलं यंत्र मॅग्नाव्हॉक्स ओडिसी, तेही पाँगच्या काही महिने आधी बाजारात आलेलं. त्यातल्या टेबल टेनिसचं प्रात्यक्षिक अटारीचे नोलन बुशनेल पाहून आले होते. मॅग्नाव्हॉक्सने पुढे दावा ठोकला आणि अटारीने परवान्याचे पैसे मोजून तो मिटवला. मग पाँग पहिला कशात? धंद्यात. तुफान चाललेला पहिला व्हिडिओ गेम. हेही काही थोडंथोडकं नाही, पण तसं लिहा ना.

अभिमानापोटी होणारी गफलत

दरवर्षी कुणीतरी मला तो संदेश पाठवतोच: राइट बंधूंच्या आधी, १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं. पाठवणाऱ्याचं मन मोडायला जिवावर येतं. पण ही गोष्ट सांगणारेच म्हणतात की त्या विमानात माणूस नव्हता. राइट बंधूंचा दावा ‘काहीतरी उडवलं’ असा नाहीच. हवेपेक्षा जड, इंजिनाच्या जोरावर चालणारं, माणसाने आत बसून ताब्यात ठेवलेलं उड्डाण, असा तो आहे. माणूस हवेत तर १७८३ मध्येच फुग्यातून गेला होता आणि माणसाविना वाफेवर उडणारं विमान सॅम्युअल लँगले यांनी १८९६ मध्ये जवळजवळ एक किलोमीटर नेलं होतं. म्हणजे चौपाटीची कथा शब्दशः मान्य केली तरी ती राइट बंधूंच्या रांगेत उभी राहत नाही.

शिवाय पुरावा. १७ डिसेंबर १९०३ च्या त्या १२ सेकंदांचा फोटो आहे, उड्डाण पाहणारे पाच जण होते आणि त्याच दिवशी घरी केलेली तार आहे. चौपाटीच्या बाबतीत त्या तोडीचं काही हाती लागत नाही.

पण पुराव्याचा हट्ट धरतानाही ठेच लागते, आणि ही ठेच मला सगळ्यात जास्त दुखते. भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ कुठलं? आपल्याकडे उत्तर ठरलेलं: मुंबईचं केईएम रुग्णालय, ६ ऑगस्ट १९८६, डॉ. इंदिरा हिंदुजा. खरं तर कोलकात्यात ३ ऑक्टोबर १९७८ लाच, इंग्लंडमधल्या जगातल्या पहिल्या बाळानंतर काही आठवड्यांत, डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली होती. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, परदेशात जाऊन आपलं काम मांडू दिलं नाही. १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे त्यांच्या टिपणवह्या तपासून ‘हा मान त्यांचाच’ असं १९९७ मध्ये जाहीरपणे कुणी सांगितलं? डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनी, म्हणजे मुंबईच्या त्या १९८६ च्या यशामागच्या शास्त्रज्ञानेच. स्वतःच्या नावापुढचा ‘पहिला’ स्वतःच्या हाताने खोडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

म्हणून आता मी १९८६ बद्दल विचारताना ‘शास्त्रीय नोंदींसह मान्य झालेलं पहिलं’ असं लिहितो. लांबलचक होतं, होऊ दे.

तारीख आणि देश

नील आर्मस्ट्राँगचं पाऊल चंद्रावर पडलं ती तारीख २० जुलै १९६९ की २१? दोन्ही बरोबर. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २० तारखेची रात्र होती, आपल्याकडे २१ तारखेचे सकाळचे ८ वाजून २६ मिनिटं. उत्तरपत्रिकेत एकच तारीख धरून बसलात तर भांडण अटळ.

खेळात आपण ‘स्वतंत्र’ हा शब्द गिळतो. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचं १९५२ चं हेलसिंकीतलं कांस्य हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डने मिळवलेली दोन रौप्यपदकं भारताच्याच खात्यावर आहेत. अभिनव बिंद्राचं २००८ चं सुवर्ण भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण म्हणून सांगताना ‘ऑलिंपिक’ गाळलंत, तर मुरलीकांत पेटकरांवर अन्याय होतो. त्यांनी पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण जिंकलं होतं ते १९७२ मध्ये, हायडेलबर्गला.

आणि प्रश्न छापून झाल्यावर चूक लक्षात आली तर? कागद वाचतानाच विशेषण तोंडी जोडा. तेही राहिलं तर दोन्ही उत्तरांना गुण द्या. ‘आमच्या पुस्तकात असंच आहे’ हे चुकूनही म्हणू नका, कारण समोरच्याच्या खिशात फोन असतो.

ती आठवीतली मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे आणि माझे प्रश्न आधी तिच्या नजरेखालून जातात. यंदा मी लिहिलं होतं, ‘चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर यान अलगद उतरवणारा जगातला पहिला देश कोणता?’ चंद्रयान-३, २३ ऑगस्ट २०२३. मला वाटलं यात काय चुकणार. कागद परत आला तेव्हा ‘ध्रुवावर’मधल्या ‘वर’ला लाल गोल होता. बाजूला लिहिलेलं: “काका, ‘ध्रुवाजवळ’. यान ६९ अंशांवर आहे, ध्रुव अजून सहाशे किलोमीटर लांब.”