दादर ज्वारी आणि गव्हाचा घरचा ब्रेड: खानदेशातल्या हवेप्रमाणे कृती

बाजारातील ‘ब्राऊन ब्रेड’च्या पाकिटामागे घटकांची यादी असते, ती एकदा शांतपणे वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात आणि तपकिरी दिसणाऱ्या ब्रेडच्या यादीतही पुष्कळदा पहिले नाव मैद्याचेच निघते. रंग कॅरॅमलचा असू शकतो. खानदेशात रोजचे अन्न म्हणून भाकरीच राहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र मुलांच्या डब्यासाठी किंवा न्याहारीसाठी ज्या घरात ब्रेड आणलाच जातो, त्या घरात तो आपल्या गिरणीच्या दळणाचा असावा, एवढ्यासाठी ही कृती सविस्तर देत आहे.

एका मोठ्या ब्रेडसाठी ४०० ग्रॅम गव्हाचे पीठ, १०० ग्रॅम दादर ज्वारीचे पीठ, ८ ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा शेंगदाण्याचे तेल आणि ५ ग्रॅम इन्स्टंट ड्राय यीस्ट घ्यावे. उन्हाळ्यात यीस्ट ३ ग्रॅमच पुरते. साखर किंवा गूळ लागत नाही, कारण पिठातील स्टार्चपासून तयार होणारी साखर यीस्टला पुरेशी असते. पाणी एकूण ४०० ते ४३० मिलिलिटर लागते. वाटीच्या अंदाजाने ब्रेड दर वेळी वेगळा होतो, म्हणून वजनकाटा वापरावा. गहू लोकवन चालतो. गिरणीत बारीक दळून घ्यावा आणि कोंडा चाळून टाकू नये, कारण मैद्याऐवजी हे पीठ वापरण्याचा मुख्य लाभ त्या कोंड्यातील तंतूंमध्येच आहे. गिरणीतून आलेले गरम पीठ मात्र पूर्ण थंड झाल्याशिवाय भिजवू नये.

ज्वारीत ग्लुटेन, म्हणजे कणीक धरून ठेवणारे गव्हातील चिवट प्रथिन, नसते, म्हणून तिचे पीठ नुसते मिसळले तर ब्रेड भुसभुशीत होतो आणि कापताना त्याचा चुरा पडतो. यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात पूर्वीपासून आहे, तो म्हणजे उकड. विरी गेलेल्या, म्हणजे जुने होऊन चिकटपणा गेलेल्या, पिठाची भाकरी थापताना चिरू लागली की आपण पिठात आधणाचे पाणी घालतो, तेच येथे करायचे आहे. दादरच्या पिठावर १५० मिलिलिटर उकळते पाणी ओतून चमच्याने ढवळावे आणि झाकण ठेवून कोमट होईपर्यंत थांबावे. उकळत्या पाण्याने ज्वारीतील स्टार्च फुगतो, पाणी धरून ठेवतो आणि त्यामुळे ब्रेड दुसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला येणाऱ्या दादरची गोडसर चवही या उकडीत नीट उतरते. पहिल्या प्रयत्नात ज्वारीचे प्रमाण एकूण पिठाच्या पाचव्या हिश्शापेक्षा वाढवू नये. कळण्याचे, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, पीठ घरात असेल तर दादरच्या १०० पैकी ५० ग्रॅम त्याचे घेता येते. त्यातील उडदाने कणकेला चिकटपणा येतो. कळणा दळतानाच त्यात मीठ घातलेले असेल, तर वरचे मीठ त्या मानाने कमी करावे.

गव्हाच्या पिठात २५० मिलिलिटर पाणी घालून, मीठ आणि यीस्ट न घालता, ते अर्धा तास झाकून ठेवावे. या वेळात कोंडा मऊ होतो. तसे न केल्यास मळताना कोंड्याच्या कडा ग्लुटेनचे धागे तोडतात. त्यानंतर उकड, यीस्ट, मीठ आणि तेल घालून दहा मिनिटे मळावे आणि उरलेले पाणी लागेल तसेच घालावे. ही कणीक पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल आणि हाताला चिकटणारी असते. ती घट्ट करण्यासाठी वरून पीठ घालण्याचा मोह आवरावा. हात तेवढा ओला करावा.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. बहुतेक पाककृतींत कणीक ‘दीड ते दोन तास उबदार जागी’ ठेवण्यास सांगतात, पण ती सूचना थंड हवेच्या गावांसाठी असते. मी पहिला ब्रेड मे महिन्यात, भर दुपारी केला. पाककृतीप्रमाणे दोन तास थांबल्यावर कणीक फुगून खाली बसली होती, तिला आंबट वास येत होता आणि भाजल्यावर ब्रेड विटेसारखा निघाला. जळगाव-भुसावळकडे पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो, तेव्हा हीच कणीक पाऊण तासात तयार होते. म्हणून मार्च ते जूनमध्ये पहाटे पाचला कणीक मळावी, पाणी माठातले किंवा फ्रिजमधले घ्यावे आणि ऊन चढण्याआधी भाजणे उरकावे. दुसरा मार्ग असा की, यीस्ट २ ग्रॅम घेऊन रात्री कणीक फ्रिजमध्ये ठेवावी आणि सकाळी भाजावी. सावकाश आंबण्याने चवही चांगली येते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत याच्या उलट करावे लागते. तेव्हा कोमट पाणी घ्यावे आणि बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याचे भांडे ठेवून शेजारी कणीक ठेवावी. तिला दोन-तीन तास लागू शकतात. ऋतू कोणताही असो, घड्याळाऐवजी कणीक पाहावी. संपूर्ण गव्हाची कणीक दीडपट फुगली की पुरे. दुप्पट होण्याची वाट पाहू नये. पिठाचे बोट हलके दाबल्यावर खळगा हळूहळू आणि अर्धाच भरून आला, तर कणीक तयार आहे असे समजावे.

त्यानंतर हवा हलक्या हाताने काढून, गुंडाळी करून, तेल लावलेल्या नऊ बाय पाच इंचांच्या साच्यात कणीक ठेवावी. ती साच्याच्या काठापर्यंत आली की आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये २२० अंश सेल्सिअसवर दहा मिनिटे आणि नंतर १९० अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटे भाजावी. साच्यातून काढून ब्रेडच्या तळावर टकटक केल्यास पोकळ आवाज यावा. जाळीवर किमान दीड तास थंड होऊ द्यावा. गरम कापल्यास आतला भाग चिकट लागतो आणि भाजण्यात काही चुकले, असा गैरसमज होतो.

या ब्रेडचे साधारण सतरा काप होतात. दोन कापांत सुमारे ६० ग्रॅम पीठ असते, म्हणजे जवळजवळ एका मध्यम भाकरीइतके, आणि मीठ सुमारे १ ग्रॅम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, हे लक्षात घेऊन सोबतचा पदार्थ निवडावा. लोणी आणि जॅमपेक्षा कमी तेलातले वांग्याचे भरीत किंवा दही यांच्याशी हा ब्रेड चांगला जमतो. मधुमेह असणाऱ्यांनी हे काप भाकरी-पोळीच्या हिशेबातच धरावेत, त्याखेरीज जास्तीचे म्हणून खाऊ नयेत. ज्यांना गव्हाचे ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी ज्वारी असूनही हा ब्रेड नाही.

यात टिकवण्याची रसायने नसल्याने पावसाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बुरशी धरू शकते. त्या दिवसाला लागेल तेवढाच ब्रेड सुती कापडात गुंडाळून बाहेर ठेवावा. उरलेला पूर्ण थंड झाल्यावर कापून, डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवावा आणि लागतील तेवढे काप थेट तव्यावर, मंद आचेवर, दोन्ही बाजूंनी शेकून घ्यावेत.