पहिलीच्या वर्गात मुलांना बोलते करताना

अकोला-यवतमाळकडच्या खेड्यात पहिलीत आलेले मूल 'माह्या मायचा डोया दुखते' असे म्हणाले, तर 'नीट बोल' असे सांगून त्याला थांबवू नये. 'अरे, आईचा डोळा दुखतो का? कधीपासून दुखतो?' असे विचारावे, म्हणजे प्रमाण रूप त्याच्या कानावर पडते आणि बोलणेही पुढे चालू राहते. 'ळ'च्या जागी 'य' येणे ही वऱ्हाडीची रीत आहे, तो वाणीदोष नव्हे. हा फरक शिक्षकाने ओळखलाच पाहिजे. घरी कोलामी, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या मुलांना तर मराठी सावकाश, चित्र किंवा वस्तू समोर ठेवूनच ऐकवावी.

प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाच अंक मोजावेत, कारण आपणच घाईने उत्तर देऊन टाकतो (ही खोड बहुतेकांना असते). 'हे काय आहे?' असे विचारले की एका शब्दाचे उत्तर येते. त्याऐवजी कपाशीचे बोंड हातात देऊन 'याचे पुढे काय काय होते?' असे विचारावे. वेचणीला गेलेल्या आईबरोबर शेतात बसणाऱ्या मुलांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते.

मूल घरच्या भाषेतही फारच कमी बोलत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल किंवा त्याचा कान वाहत असेल, तर पालकांशी बोलून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून तपासणी करून घ्यावी. 2013 साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते.