जहाज सोडून सागरी वकिलीत येताय? या चुका टाळा

जहाजावर काम करून वकिलीत आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून एक फायदा असतो. ‘स्टिअरिंग बंद पडलं’ एवढं वाक्य वाचलं की त्या वेळी ब्रिजवर (जहाज चालवण्याच्या कक्षात) कोण कुठे उभं असेल आणि कोणता अलार्म वाजला असेल, हे सगळं त्याला दिसतं. बाकीच्या वकिलांना ते नकाशे मांडून समजून घ्यावं लागतं. मी चीफ ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालचा अधिकारी, असताना समुद्र सोडला. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केल्या आहेत किंवा माझ्यासारख्यांना करताना जवळून पाहिल्या आहेत.

ओळखीचा शब्द, वेगळा अर्थ

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. ‘सीवर्दी’ (समुद्रप्रवासाला योग्य) म्हटलं की खलाशाच्या डोळ्यांपुढे जहाजाचा धड सांगाडा, चालू इंजिन आणि मुदतीतली प्रमाणपत्रं येतात. कायदा मात्र विचारतो, की ही उणीव माहीत असती, तर शहाण्या मालकाने ती दूर केल्याशिवाय जहाज बंदराबाहेर सोडलं असतं का?

‘सीएमए सीजीएम लिब्रा’ हे कंटेनर जहाज २०११ साली चीनच्या शियामेन बंदरातून निघताना तळाला लागलं. जहाजांच्या ठरलेल्या मार्गाबाहेरची खोली नकाशात दाखवलेल्यापेक्षा कमी आहे, असा इशारा आधीच निघाला होता. पण तो पॅसेज प्लॅनमध्येही (प्रवासाच्या मार्गाच्या आखणीत) नव्हता आणि वापरातल्या चार्टवरही (सागरी नकाशावर) नव्हता. कोणताही डेक ऑफिसर सांगेल, की ही नौकानयनातली चूक आहे. आणि समुद्रमार्गे माल नेण्याच्या आंतरराष्ट्रीय हेग नियमांनुसार नौकानयनातल्या चुकीसाठी मालकाला मालाच्या नुकसानीतून सूट मिळते. मालकाच्या बाजूने हाच युक्तिवाद झाला. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तो फेटाळला. सदोष प्लॅन घेऊन निघालेलं जहाज प्रवासाच्या सुरुवातीलाच सीवर्दी नव्हतं आणि प्लॅन बनवणाऱ्या अधिकाऱ्याच्या हलगर्जीपणाची जबाबदारी मालकावर येते, असा निकाल लागला. मी तो वाचला तेव्हा माझ्या हातून गेलेले कितीतरी पॅसेज प्लॅन आठवले.

उपाय सोपा आहे, पण कंटाळवाणा. फाइल उघडल्यावर स्वतःचं मत लिहिण्याआधी करारातलं कलम आणि त्यावरचे निकाल वाचा. जो शब्द सर्वांत ओळखीचा वाटतो, तोच आधी तपासा.

स्वतःच तज्ज्ञ साक्षीदार होणं

‘मी त्या जागी असतो तर इंजिन आधीच रिव्हर्स केलं असतं.’ हे वाक्य मनात आलं की थांबा. तुम्ही काय केलं असतं हा पुरावा नाही. इंग्लंडच्या अ‍ॅडमिरल्टी कोर्टात टकरीच्या खटल्यात न्यायाधीशांना सल्ला द्यायला अनुभवी नौकानयन तज्ज्ञ शेजारी बसतात. ‘एव्हर स्मार्ट’ आणि ‘अलेक्झांड्रा १’ यांच्या टकरीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा तिथेही असे तज्ज्ञ होते. तुमच्या अनुभवाचा उपयोग योग्य प्रश्न विचारण्यासाठी करा, उत्तर देण्यासाठी नको.

घड्याळं न जुळवणं

व्हीडीआर (जहाजाचा ‘ब्लॅक बॉक्स’) यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लॉगबुक जहाजाच्या वेळेत, बंदराचे कागद स्थानिक वेळेत, इंजिनरूमचं लॉगर तिसऱ्याच वेळेवर. समुद्रावर हे हिशेब आपण न बोलता करतो, म्हणून वकिलीतही मनातच करतो आणि एका तासाचा फरक राहून जातो. घटनाक्रमाच्या पहिल्या ओळीत सर्व वेळा कोणत्या प्रमाणवेळेत आहेत ते लिहा आणि मूळ वेळ बाजूच्या रकान्यात ठेवा.

व्हीडीआरची नोंद वेळेत जतन झाली का, हेही पहिल्याच फोनवर विचारा. जुन्या यंत्रांवर १२ तासांनी नोंद पुसली जाते. १ जुलै २०१४ नंतर बसवलेल्या यंत्रांवर ती ३० दिवस राहते, तरीही वाट पाहू नका.

मुदत विसरणं

अपघाताचं कारण शोधण्यात आपण रमतो आणि कॅलेंडर पुढे सरकतं. हेग-व्हिस्बी नियमांखाली (हेग नियमांची सुधारित आवृत्ती) मालाच्या नुकसानीचा दावा डिलिव्हरीपासून १ वर्षात लावावा लागतो. टक्कर आणि सॅल्व्हेज (संकटातलं जहाज किंवा माल वाचवणं) यांच्या आंतरराष्ट्रीय करारांत २ वर्षं आहेत. चार्टर पार्टीत (जहाज भाड्याने घेण्याच्या करारात) डेमरेजच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यात जास्त वेळ लागल्याच्या भरपाईच्या, दाव्याला अनेकदा कागदपत्रांसह ९० दिवसच मिळतात. फाइलच्या पहिल्या पानावर शेवटची तारीख ठळक लिहा, मग तपासाला लागा.

किती वर्षं समुद्रावर, याचा घोळ

टकरी आणि ग्राउंडिंगच्या (जहाज तळाला लागण्याच्या) कामासाठी वॉचकीपिंगची, म्हणजे ब्रिजवरच्या पहाऱ्याची, भरपूर वर्षं हवीत. मालाच्या दाव्यांना आणि चार्टर पार्टीला तेवढी लागत नाहीत. इंजिनीअरांना वाटतं हे क्षेत्र कॅप्टन लोकांचं आहे. तसं नाही. बंकरच्या (जहाजाच्या इंधनाच्या) दर्जाचे आणि इंजिन बिघाडामुळे झालेल्या ऑफ-हायरचे (भाडं थांबण्याचे) वाद त्यांच्याइतके कुणाला कळत नाहीत. खलाशांच्या प्रशिक्षणाच्या ‘एसटीसीडब्ल्यू’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. ते जाऊ द्यायचं असेल तर विचार करून जाऊ द्या, विसरून नको.

खलाशाशी आपला म्हणून बोलणं

याबद्दल मला सर्वांत जास्त वाटतं. तुम्ही अपघातानंतर जहाजावर चढता. सेकंड ऑफिसर घाबरलेला असतो. तुम्हीही वॉच केलेत हे कळताच त्याचा बांध फुटतो. झोप झाली नव्हती, विश्रांतीच्या नोंदी खऱ्या नव्हत्या, सगळं सांगतो. त्याला वाटतं, आपला माणूस आला. तुम्ही मात्र मालकाचे किंवा पी अँड आय क्लबने (जहाजमालकांच्या विमा संघाने) नेमलेले वकील असता. त्याच्यावर फौजदारी कारवाई होऊ शकत असेल, तर त्याचं आणि मालकाचं हित एक राहत नाही.

म्हणून पहिला प्रश्न विचारण्याआधी सांगा, ‘मी कंपनीचा वकील आहे, तुझा नाही.’ प्रदूषण, मृत्यू, खोट्या नोंदी असा विषय दिसला की त्याच्यासाठी वेगळा वकील नेमायला मालकाला लेखी सुचवा आणि तो येईपर्यंत जबाब थांबवा. जबाबात त्याचेच शब्द ठेवा. तुमची सफाईदार कायद्याची भाषा त्याच्या तोंडी घातली, तर उलटतपासणीत ती त्याला पेलणार नाही. आणि विश्रांतीच्या नोंदी ‘नीट करून’ देऊ का, असं जहाजावर कुणी विचारलं, तर तिथेच स्पष्ट नाही म्हणा. मूळ वही जशी आहे तशी सीलबंद करा आणि कुणाच्या हातून, किती वाजता घेतली ते लिहून ठेवा.