बेणणीला उतरण्याआधी ग्रास कटरची रेस केबल बघा

पाऊस ओसरू लागला की कोकणात आंबा-काजूच्या बागांमध्ये बेणणीची, म्हणजे वाढलेलं गवत कापण्याची, घाई सुरू होते. कमरेएवढं गवत ऑक्टोबरच्या उन्हात वाळण्याआधी पाडलं नाही, तर वणव्याला तेच सरपण मिळतं. म्हणून या पंधरवड्यात घरोघरी ग्रास कटर बाहेर निघतो. ब्लेड, प्लग, एअर फिल्टर सगळे तपासतात. रेसच्या केबलकडे, म्हणजे मुठीवरच्या खटक्यापासून कार्बोरेटरपर्यंत जाणाऱ्या तारेकडे, मात्र ती तुटल्यावरच लक्ष जातं.

तुटली तर काम थांबतं, त्याची मला एवढी काळजी नाही. भीती आहे ती केबल अडकण्याची. इंजिन मंद चालू असताना ब्लेड स्थिर असतं; रेस वाढली की क्लचचे पाय बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात आणि ब्लेड फिरतं. केबल आत अडकली, तर खटका सोडूनही क्लच सुटत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या काजूच्या उतारावर गडी घसरला, त्याने खटका सोडला, तरी ब्लेड फिरतच राहिलं. मशीन बाजूला फेकलं म्हणून पाय वाचला. केबल खोलून बघितली तर मुठीजवळच्या वाकणात नुसती गंजाची भुकटी होती.

तेव्हा आधी इंजिन बंद ठेवून खटका दाबून सोडा. तो टचकन मागे आला पाहिजे. हळूहळू येत असेल, मध्ये खरखरत असेल किंवा तारेचा एखादा पदर टोकाशी सुटलेला दिसत असेल, तर केबल बदलाच. तेल सोडून आणखी एक हंगाम काढू, असं करू नका. सुटलेला पदर तेलाने जोडला जात नाही, आणि तोच पुढे नळीत अडकतो.

नवी केबल आणताना नुसतं मशीनचं नाव सांगून भागत नाही. जुनी केबल सोबत न्या. बाहेरच्या नळीची लांबी आणि आतली तार दोन्ही टोकांना किती बाहेर येते, हे दोन्ही मोजून जुळवा. नळी सारखी पण तार थोडी आखूड, अशी केबल बसते खरी, पण रेस कायम थोडी ओढलेली राहते. टोकाचा धातूचा मणीही त्याच जाडीचा हवा. खांद्यावरच्या आणि पाठीवरच्या मशीनची केबल एकच नसते. पाठीवरच्याची बरीच लांब असते. बऱ्याच मशीनमध्ये बंद करायच्या स्विचच्या वायरी केबलसोबत एकाच आवरणातून जातात, तेव्हा तसाच जोड मिळतो का ते बघा. सायकलच्या ब्रेकची तार कापून बसवण्याचा उद्योग नको. ब्लेड थांबण्याचा भरवसा त्या तारेवर आहे.

बदलायच्या आधी इंजिन थंड होऊ द्या आणि प्लगची टोपी काढून ठेवा. जुनी केबल कुठून कशी वळवली आहे, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. कार्बोरेटरकडचा लॉक नट सैल करून मणी खाचेतून सोडवा, मग मुठीकडचं टोक काढा. नवी त्याच वाटेने घाला. सायलेन्सरला टेकू देऊ नका आणि कुठेही काटकोनात वळवू नका.

आता खरं काम म्हणजे ताण. खटका मोकळा असताना तारेत एक-दोन मिलिमीटर ढील हवी आणि कार्बोरेटरचा फिरता तुकडा आयडल स्क्रूला (इंजिनचा मंद वेग ठरवणाऱ्या स्क्रूला) टेकलेला हवा. खटका पूर्ण दाबला की तो तुकडा शेवटपर्यंत गेला पाहिजे, नाहीतर पुरी रेस मिळत नाही आणि गवत कापलं न जाता ब्लेडभोवती गुंडाळतं. मशीनच्या पुस्तिकेत वेगळं माप असेल तर तेच धरा. नट आवळून झाल्यावर मूठ आणि दांडा डावी-उजवीकडे हलवा; त्या हलण्याने तार ताणली जाता कामा नये.

प्लगची टोपी बसवा, मोकळ्या जागी ब्लेड जमिनीपासून वर धरून मशीन चालू करा. खटका सोडल्यावर काही सेकंदांत ब्लेड थांबत नसेल, तर त्या दिवशी बागेत जाऊ नका. आधी केबलचा ताण, मग आयडल बघा. दोन्ही ठीक असूनही फिरत असेल, तर क्लचची स्प्रिंग गेलेली असू शकते. ते मेकॅनिककडे द्या.

एक जादा केबल घरात ठेवा. ऐन बेणणीत प्रत्येकाचं मशीन चालू असतं आणि तेव्हाच तालुक्याच्या दुकानात नेमकी आपल्या मापाची मिळत नाही.